'बोलायला कोणी नाही': इंग्रजीतील 'टू' आणि मराठीतील 'ला'

पुण्यातील एका कंपनीच्या निर्यात विभागात नोकरीसाठी झालेल्या लेखी परीक्षेत वाक्ये दुरुस्त करण्याचा एक प्रश्न होता. त्यातील एक वाक्य मला आजही जसेच्या तसे आठवते: 'शी हॅज नोबडी टू टॉक टू.' एकाच वाक्यात दोन 'टू' पाहून हा परीक्षकाने लावलेला सापळा आहे असे मला वाटले, म्हणून मी शेवटचा 'टू' खोडला आणि 'टॉक'नंतर पूर्णविराम दिला. वाक्य मुळात बरोबर होते. मी ते बिघडवले. अर्जासोबतच्या पत्राचा शेवट मी 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असा केला होता, तोही चुकीचा होता. नोकरी केवळ या दोन चुकांमुळे गेली असे मी म्हणत नाही, परंतु मुलाखतीत पत्रातील त्याच ओळीवर बोट ठेवले गेले आणि 'मीट' की 'मीटिंग' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, हे मात्र खरे आहे.

मराठी माध्यमातून शिकून कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार करू लागलेल्यांसाठी हे लिहीत आहे. राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. माझी पिढी त्याआधीची, पाचवीत मुळाक्षरे गिरवणारी. इन्फिनिटिव्ह (क्रियापदाचे मूळ रूप, बहुधा 'टू'सह, जसे 'टू गो') म्हणजे काय आणि प्रेपोझिशन (नामाशी नाते सांगणारा शब्द, जसे 'ऑन', 'विथ') म्हणजे काय, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. अडचण व्याख्यांची नाही. ही दोन्ही एकाच वाक्यात शेजारी आली की आपल्या कानाला काहीच खटकत नाही, ही खरी अडचण आहे.

मी ज्या शिकवणीला जात होतो, तेथे फळ्यावर एक सूत्र लिहिलेले असे: 'करायला' म्हणजे 'टू डू', 'जायला' म्हणजे 'टू गो', 'बोलायला' म्हणजे 'टू टॉक'. या सूत्राने पहिले सहा महिने फार सुखाचे जातात आणि पुढची सहा वर्षे त्याचे व्याज भरावे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मराठीतील 'ला' हा अतिशय उदार प्रत्यय आहे. 'लिहायला पेन दे', 'लिहायला कागद दे', 'लिहायला विषय दे', 'पत्र लिहायला आता गावाकडे कोणी उरले नाही' ही चार वाक्ये पाहा. पेनाने लिहायचे, कागदावर लिहायचे, विषयाबद्दल लिहायचे आणि माणसाला लिहायचे. चारही नाती वेगळी असूनही मराठी ती एकट्या 'लिहायला'मध्ये सामावून घेते आणि ऐकणाऱ्याला कधी संभ्रम पडत नाही. इंग्रजीला ही मुभा नाही. तेथे 'ए पेन टू राइट विथ', 'पेपर टू राइट ऑन', 'ए टॉपिक टू राइट अबाउट' आणि 'नोबडी टू राइट टू' असे प्रत्येक नाते वाक्याच्या शेवटी उघड सांगावे लागते. आपण मराठीतून विचार करतो, तेव्हा तो शेवटचा शब्द आपल्याला सुचतच नाही, कारण मराठीत तो नसतोच. यात बुद्धीचा काहीही कमीपणा नाही.

आता त्या दोन 'टूं'कडे पुन्हा पाहू, कारण मी तेथेच सर्वांत जास्त ठेचकाळलो. 'नोबडी टू टॉक टू' यातील पहिला 'टू' क्रियापदाचा आहे, 'बोलायला' मधील 'ला' सारखा. दुसरा 'टू' माणसाचा आहे, 'कोणाशी' मधील 'शी' सारखा. मराठीत आपण नुसते 'बोलायला कोणी नाही' म्हणतो आणि 'शी' गिळून टाकतो; म्हणून दुसरा 'टू' आपल्याला पुनरुक्ती वाटतो. पण तो काढला की वाक्यातून 'शी' निघून जातो आणि त्या स्त्रीचे 'कोणाशी' बोलणे राहूनच जाते.

हे ओळखण्याचा एक साधा मार्ग मला पुढे दुसऱ्या कार्यालयातील एका वरिष्ठ बाईंनी दाखवला. त्यांनी माझ्या एका पत्रातील 'वी हॅव नो शेड टू स्टोअर द क्रेट्स' या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात फक्त एवढेच लिहिले: 'स्टोअर द क्रेट्स द शेड?' नाम उचलून क्रियापदानंतर ठेवा आणि वाक्य उभे राहते का ते पाहा. 'स्टोअर द क्रेट्स इन द शेड' असे म्हणावे लागते, म्हणजे 'इन' हवे, आणि मूळ वाक्यात ते शेवटी राहते: 'नो शेड टू स्टोअर द क्रेट्स इन.' 'सिट ऑन ए चेअर', म्हणून 'ए चेअर टू सिट ऑन'. 'वरी अबाउट नथिंग', म्हणून 'नथिंग टू वरी अबाउट'. याउलट 'राइट ए लेटर' म्हणताना मध्ये काहीच लागत नाही, म्हणून 'ए लेटर टू राइट' येथेच वाक्य संपते. वाक्य प्रेपोझिशनने संपवणे अशुद्ध आहे, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. फार औपचारिक लिखाणात 'ए चेअर ऑन व्हिच टू सिट' असे लिहिता येते. रोजच्या पत्रात ते ताठर दिसते. काही नामे मात्र सवलत घेतात: 'ए प्लेस टू लिव्ह' मध्ये 'इन' नसले तरी चालते, आणि 'टाइम', 'वे', 'रीझन' यांच्यामागेही शेवटचा शब्द बहुधा येत नाही. ही नामे थोडी आहेत. ती वापरात लक्षात राहतात.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तेथे 'टू' दिसतो पण तो इन्फिनिटिव्हचा नसतो. 'लुक फॉरवर्ड टू' मधील 'टू' हे सरळ प्रेपोझिशन आहे आणि त्यापुढे नाम किंवा 'मीटिंग' सारखे नामासारखे वागणारे रूपच येते. 'ऑब्जेक्ट टू पेइंग', 'विथ अ व्ह्यू टू रिड्यूसिंग द कॉस्ट', 'इन ॲडिशन टू सेंडिंग द इन्व्हॉइस' ही त्याच घरातली मंडळी. ओळखण्यासाठी 'टू'च्या पुढे 'इट' ठेवून पाहावे. 'लुक फॉरवर्ड टू इट' उभे राहते. 'वॉन्ट टू इट' कोसळते. ही कसोटी बहुतेक ठिकाणी साथ देते, सर्वत्र नाही: 'ॲग्री टू इट' बरोबर असूनही 'ॲग्री टू पे' हेच योग्य आहे, कारण 'ॲग्री' दोन्ही प्रकारच्या 'टू'ला घरात घेते. 'यूज्ड टू'च्या बाबतीत तर अर्थच पालटतो. 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट' म्हणजे पूर्वी मी रात्री काम करत असे. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट' म्हणजे मला रात्री काम करण्याची सवय आहे. मुलाखतीत या दोहोंची अदलाबदल झाली, तर समोरच्याला तुम्ही रात्रपाळी सोडून आला आहात असे वाटेल.

हा गोंधळ इंग्रजीच्या इतिहासातूनच आलेला आहे, हे समजल्यावर मला फार दिलासा मिळाला. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचे साधे रूप 'टू'शिवायच वापरत. 'टू' हे स्वतंत्र प्रेपोझिशन होते आणि त्यापुढे क्रियापदाचे चतुर्थीसारखे वेगळे रूप येई. म्हणजे आपल्या 'करायला', 'करण्यास' मधील चतुर्थीचे प्रत्यय आणि तो जुना 'टू' एकाच कामाला जुंपलेले होते. पुढे इंग्रजीतील ते प्रत्यय झिजून गेले, 'टू' क्रियापदाला चिकटला आणि त्याचे प्रेपोझिशनपण विसरले गेले. 'लुक फॉरवर्ड' सारख्या ठिकाणी मात्र ते जिवंत राहिले. फळ्यावरचे सूत्र मुळातच खोटे नव्हते. ते अर्धवट होते.

उरलेल्या प्रेपोझिशनांबाबत फार थांबण्याची गरज नाही. 'विदाउट', 'बाय', 'आफ्टर' यांच्यापुढे 'टू' घातलेला इन्फिनिटिव्ह येत नाही. 'न सांगता' म्हणजे 'विदाउट टेलिंग'. हेतू सांगताना मराठीतील 'साठी' पाहून 'फॉर' लिहू नये: 'आय केम टू पुणे टू लर्न' एवढे पुरते. प्रेपोझिशनपुढे इन्फिनिटिव्ह येतो असे अपवाद लक्षात ठेवण्याजोगे आहेत: 'अबाउट टू लीव्ह' आणि 'नो चॉइस बट टू वेट'.

'टू प्लस आयएनजी'च्या पन्नास शब्दप्रयोगांची यादी आठवड्यात पाठ करून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून मी तुम्हाला सावध करतो. मी अशी यादी पाठ केली होती. परीक्षेत ती आठवली आणि पत्र लिहिताना एकदाही आठवली नाही. त्यापेक्षा स्वतःच्याच जुन्या पत्रांतील प्रत्येक 'टू'वर बोट ठेवून तो कोणाचा आहे, हे विचारावे. पहिल्या महिन्यात दिवसाला चार-पाच पत्रे पुरे होतात, आणि सुरुवातीला वेग मंदावतो म्हणून घाबरू नये. तो परत येतो. मी आजही पत्र पाठवण्याआधी शेवटची ओळ एकदा मोठ्याने वाचतो. गेल्या आठवड्यात एका नव्या सहकाऱ्याने 'देअर इज नोबडी टू हँड द पेपर्स ओव्हर टू' असे लिहून, शेवटचा 'टू' खोडण्यासाठी लेखणी उचलली होती. मी त्याला थांबवले आणि समासात पेन्सिलीने लिहिले: 'हँड द पेपर्स ओव्हर नोबडी?'