गंभीर जखमी रुग्णावर तातडीने उपचार सुरू होण्यासाठी

तयारीला रुग्ण येण्यापूर्वीच लागावे. १०८ रुग्णवाहिकेतील डॉक्टरांकडून दुखापतीचे स्वरूप, रक्तदाब आणि पोहोचण्याची अंदाजे वेळ कळताच शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व रक्तपेढी यांना एकाच वेळी कळवावे, आणि श्वासमार्ग कोणी सांभाळायचा, रक्तस्राव कोणी थांबवायचा, नोंदी कोणी ठेवायच्या, हे तेव्हाच ठरवून घ्यावे. पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार अडवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच हे स्पष्ट केले आहे, तरी ‘आधी केस पेपर काढा’ ही सवय काही सुटत नाही.

बाहेरून दिसणारा जोरदार रक्तस्राव सर्वप्रथम दाबून थांबवावा. मोठ्या रक्तस्रावाची शंका असल्यास वरिष्ठ डॉक्टरांच्या निर्णयाने ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध लवकरात लवकर, दुखापतीपासून ३ तासांच्या आतच द्यावे: प्रौढांना शिरेतून १ ग्रॅम १० मिनिटांत आणि नंतर १ ग्रॅम ८ तासांत. म्हणून हे औषध दूरच्या भांडारात न ठेवता उपचारकक्षातच असावे. पोटाची सोनोग्राफी खाटेजवळच करावी, आणि तीत रक्त दिसून रक्तदाबही सावरत नसेल, तर सीटी स्कॅनमध्ये वेळ न दवडता रुग्णाला थेट शस्त्रक्रियागृहात न्यावे.