आशाताईंचं क्षयरोग प्रशिक्षण सोलापुरात कसं घ्यावं

एका तुकडीत २० ते २५ आशाताई पुरेत. त्याहून जास्त झाल्या की मागच्या रांगेत फाल्कन ट्यूब (बेडक्याचा नमुना घ्यायची झाकणाची नळी) पोचत नाही, आणि हे काम हातानंच शिकायचं आहे. आषाढी वारीचे दिवस टाळा, तेव्हा यंत्रणा पंढरपुरात गुंतलेली असते. जानेवारीतली सिद्धेश्वर यात्राही टाळा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात, त्याआधीचा सप्टेंबर सगळ्यात सोयीचा.

सकाळचा पहिला तास संशयित कसा ओळखायचा याला द्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, बेडक्यातून रक्त, ही यादी बहुतेकींना पाठ असते. अडतं दुसरीकडेच. यंत्रमागावरचा माणूस खोकला ‘सुताच्या धुळीचा’ म्हणतो, विडी वळणारी बाई ‘तंबाखूचा’ म्हणते, आणि दोघंही तो अंगावर काढतात. म्हणून प्रश्न कारणाचा नको, दिवसांचा हवा: “किती दिवस झाले?” १४ दिवस उलटले की नमुना घ्यायचा, मग कारण काहीही सांगोत.

त्यानंतरचे दोन तास फक्त नमुन्यासाठी ठेवा. तपासणी कितीही चांगली असली तरी ट्यूबमध्ये लाळ असेल तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. चूक पुष्कळदा शब्दापासूनच सुरू होते. ‘थुंकी द्या’ म्हटलं की माणूस थुंकतो. ‘खाकरून बेडका काढा’ म्हणायला शिकवा. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत ‘कफ’, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘कफम’ म्हणा. फरक डोळ्यांना दिसावा म्हणून दोन ट्यूब तयार ठेवा: एकीत फेसाळ साबणाचं पाणी, दुसरीत मागावर सुताला लावतात तशी घट्ट खळ. सिरिंजनं २ मिली पाणी ओतून ट्यूबवर पेनानं रेघ मारून घ्या. बेडका किमान त्या रेघेपर्यंत हवा.

मग प्रत्येकीकडून हे बोलून घ्या: “आक्का, साध्या पाण्यानं चूळ भरा. उघड्यावर या, माणसांपासून लांब. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन थोडा थोडा रोखा, मग छातीतून खाकरा.” चूळ भरायची कारण अन्नाचे कण तपासणीत अडथळा आणतात. उघड्यावर यायचं कारण बंद खोलीतल्या हवेत जंतू टिकून राहतात. विडी वळायची खोली छोटी असते आणि तिथं सगळं घर बसलेलं असतं, म्हणून यावर जोर द्या.

नमुने दोन: एक तिथल्या तिथे, दुसरा दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या. नाव ट्यूबच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं उघडली की अदलाबदल होते. झाकण घट्ट लावून ट्यूब उलटी धरून दाखवा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा बर्फाच्या पॅकसह डबा आणि त्याच दिवशी रवानगी. उन्हात ठेवलेल्या नमुन्यात इतर जंतू वाढतात आणि कल्चर (जंतू वाढवून करायची तपासणी) बिघडतं.

जेवणानंतर गोळ्या. मोठ्यांना पहिले २ महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे ४ महिने तीन औषधांची. रोजच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५, त्यापुढे ६. उजळणीला एकच उदाहरण द्या: सुरुवातीला ३३ किलो, दोन महिन्यांनी ३९, आता काय? गट बदलला, तेव्हा डॉक्टरांकडून मात्रा पुन्हा ठरवून घ्यायची. दर महिन्याला वजन घेतलं नाही तर हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

निक्षय पोर्टलवर (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद शिकवताना बँक खात्याला सर्वाधिक वेळ द्या. पोषणासाठी महिना १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५००) थेट खात्यात येतात. खातं बंद असेल किंवा आधार जोडलेला नसेल तर पैसे अडतात. रुग्ण दुसऱ्या गावी निघाला तर निघण्याआधी निक्षयवर बदली करायची आणि प्रवासात पुरतील इतक्या गोळ्या द्यायच्या. ऊसतोड कामगाराचा उपचार इथंच तुटतो आणि औषधाला दाद न देणारा क्षय बळावण्याचा धोका इथंच असतो.

प्रशिक्षणानंतर पंधराव्या दिवशी पर्यवेक्षकानं आशाताईबरोबर दोन घरांना जावं. परीक्षा घेऊ नका, ती नमुना घेत असताना शेजारी उभे राहा. मग दर महिन्याला तीनच आकडे पाहा: किती नमुने पाठवले, त्यांतले किती लाळेचे निघाले, निकालापासून पहिल्या गोळीपर्यंत किती दिवस गेले. लाळेचे नमुने वाढले तर सगळ्या तुकडीला परत बोलावण्याची गरज नाही. प्रयोगशाळेनं त्याच दिवशी त्या आशाताईला फोन करून सांगावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच रुग्णाचा बेडका पुन्हा नीट घेऊन येते.