एमआयडीसीमागचे उंदीर तपासताय? मग या चुका टाळा

प्रोजेक्टचा सीझन आला की कुणीतरी संभाजीनगरच्या वाळूज नाहीतर चिकलठाणा एमआयडीसीच्या मागं नाल्याकाठी पिंजरे लावतंच, चार उंदीर फाडतं, लिव्हर सुजलेलं दिसलं की झालं, "केमिकलचा परिणाम" म्हणून रिपोर्ट तयार. अरे थांबा की जरा.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे शेतकऱ्याला न विचारणं. एका ग्रुपनं असेच नाल्यालगतच्या शेतातले उंदीर आणले, लिव्हर खराब, झिंक जास्त, पोरं खुश, पीपीटीत धुराड्याचा फोटोपण टाकला. मी शेतमालकाला टपरीवर गाठलं तर तो म्हणतो, "बिळापाशी औषध टाकलं व्हतं की, ते काळं पावडर." म्हणजे झिंक फॉस्फाईड! पोटातल्या ॲसिडशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, कमी डोस खाऊन जगलेल्या उंदराचं लिव्हरसुद्धा बिघडू शकतं, वर झिंकचा आकडा फुगायची शक्यता ती वेगळीच. आता कंपन्या सोवळ्या आहेत असं मी म्हणत नाही, नाल्याचा वास मलापण येतो, पण तुमच्या डेटातून ते सिद्ध होत नाही ना राव. म्हणून पिंजऱ्याच्या आधी मी बांधावर बसतो अन् विचारतो, उंदराला काय घातलं, कपाशीवर काय फवारलं, खत कोणतं. फॉस्फेट खतातूनपण थोडं कॅडमियम, म्हणजे विषारी धातू, जमिनीत येतंच.

दुसरं, तुलनेची जागा. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात क्रोमियम, तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं, त्यामुळं बाहेरच्या देशातला आकडा शेजारी ठेवून बोंब मारू नका. नाल्याच्या वरच्या अंगाला, तशीच माती, तेच पीक असलेलं शेत धरा, आणि मातीपण तपासा. इकडं घूस अन् तिकडं शेतातला बारका उंदीर, अशी तुलना तर नकोच.

वय कुणी बघतच नाही. कॅडमियम किडनीत वर्षानुवर्षं साठतं, सहज बाहेर पडत नाही, म्हणून स्वच्छ शेतातला म्हातारा उंदीरपण जास्त दाखवतो. वजनावरून वय काढणं हा आळशी शॉर्टकट, गाभण मादी आली की गणित बोंबललं. डोळ्याची लेन्स वयाबरोबर वाढत जाते, म्हणून मी ती वाळवून तिचं वजन घेतो, किचकट आहे पण भरवशाचं. शिशाचं म्हणाल तर रक्तात अलीकडचं दिसतं, जुना साठा हाडात.

काढलेले सगळे अवयव फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) बुडवू नका. स्लाईडसाठीचा तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, धातूसाठीचा नायट्रिक ॲसिडनं धुतलेल्या प्लास्टिकच्या डबीत, थेट फ्रीझरला. एथिक्स कमिटीची परवानगी आधी, नंतर नाही. एप्रिलच्या उन्हात पिंजरा दुपारपर्यंत ठेवला तर उंदीर उष्म्यानंच मरतो अन् अवयव सडतात, तेव्हा संध्याकाळी लावा, उजाडताच उचला, झोप येत असेल तर दुसरा विषय घ्या. आणि ग्लोव्हज घाला रे, लेप्टोस्पायरा हा रोगाचा जंतू उंदराच्या लघवीतून येतो, हाताला खरचटलेलं असेल तर त्या दिवशी पिंजरा दुसऱ्याला उचलू द्या.