नागपूरच्या उन्हात काचेचा दर्शनी भाग कसा आखावा

ग्राहक पहिल्या बैठकीला येतो तेव्हा बहुधा त्याच्या मोबाईलमध्ये दुबईच्या किंवा मुंबईच्या एखाद्या इमारतीचे छायाचित्र असते आणि 'अशीच निळी काच हवी' एवढीच त्याची मागणी असते. त्यात गैर काही नाही. वर्धा रोडवरून जाणाऱ्यांच्या नजरेत आपली इमारत भरावी, असे कोणालाही वाटेल. मात्र काचेपासून सुरुवात केली की दर्शनी भागाचे काम शेंड्याकडून बुडाकडे होते, आणि त्याची किंमत पहिल्या उन्हाळ्यात विजेच्या बिलातून व पहिल्या पावसाळ्यात भिजलेल्या फॉल्स सीलिंगमधून मोजावी लागते. नागपुरात आधी ऊन, मग वारा आणि पाणी, त्यानंतर सांधे व ब्रॅकेट (चौकट इमारतीला धरून ठेवणारे धातूचे आधार), आणि हे सर्व कागदावर उतरल्यावर काचेचे नमुने मागवावेत, असा क्रम मी पाळते.

नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. त्यामुळे २६ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य मध्यान्ही नेमका माथ्यावर येतो व उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. आपल्याकडे नवतपा, म्हणजे सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, लागतो तोही याच मे महिन्याच्या अखेरीस. या दिवसांत सर्वाधिक ऊन गच्ची झेलते आणि त्याखालोखाल पूर्व व पश्चिम या दोन भिंती. ज्या दक्षिणेला आपण उगाच घाबरतो, ती तेव्हा जवळजवळ सावलीत असते. म्हणून पहिले काम म्हणजे प्लॉटच्या नकाशावर उत्तर दिशा नीट मांडून प्रत्येक बाजूचा स्वतंत्र विचार करणे. चारही बाजूंना सारखीच काच लावलेली इमारत कितीही चकचकीत दिसली, तरी तिच्या आराखड्यात दिशांचा विचार झालेलाच नाही, हे दुरूनही ओळखू येते.

दक्षिणेचे गणित सोपे आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास दक्षिण भिंतीच्या संदर्भात उन्हाचा उभा कोन दिवसभर जवळपास ६९ अंशच राहतो. दीड मीटर उंच खिडकीला त्यासाठी ५८० मिलिमीटर, म्हणजे व्यवहारात ६०० मिलिमीटरचा छज्जा पुरतो. तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना पुरेसा लांब घेतला तर मार्च ते सप्टेंबर थेट ऊन आत येत नाही, आणि डिसेंबरमध्ये मध्यान्हीचा सूर्य ४५ अंशांवर उतरला की खिडकीच्या खालच्या भागातून कोवळे ऊन आत येते. डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत पारा उतरलेल्या या शहरात त्या उन्हाला कोणी नाही म्हणणार नाही.

खरी परीक्षा पश्चिमेची आहे. मे महिन्याच्या अखेरीस संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर आणि पश्चिमेपेक्षा सुमारे १५ अंश उत्तरेला सरकलेला असतो. त्या वेळी १.८ मीटर उंच काचेवर पूर्ण सावली पाडायची असेल तर आडवा छज्जा चार मीटरहून अधिक बाहेर काढावा लागेल, जो कोणी काढणार नाही आणि नियमही काढू देणार नाहीत. म्हणून पश्चिमेला उभ्या पट्ट्याच हव्यात, आणि त्या काटकोनात न ठेवता अशा वळवाव्यात की त्यांची उघडी बाजू नैर्ऋत्येकडे राहील. एप्रिल ते जूनचे परतीचे ऊन पश्चिम आणि वायव्य यांच्या दरम्यानून येते व पट्टीच्या पाठीवर अडते. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी अहमदाबादच्या मिलओनर्स असोसिएशनच्या १९५४ च्या इमारतीत रस्त्याकडील पश्चिम बाजूस तिरप्या काँक्रीटच्या पट्ट्या बसवल्या, त्यामागचे कारण हेच होते. आपल्याला अ‍ॅल्युमिनियम, टेराकोटा किंवा फायबर सिमेंट वापरता येईल. पट्टी आणि काच यांच्यामध्ये सफाईवाल्याचा हात व वायपर सहज फिरेल एवढे अंतर मात्र सोडावे. शक्य असेल तर पश्चिमेला जिना, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे टाकावीत, म्हणजे अर्धा प्रश्न काच न लावताच सुटतो. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांचे खोल व्हरांडे हेच काम करतात.

याच टप्प्यावर एसीच्या आउटडोअर युनिटची आणि कूलरची जागा ठरवावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण नागपुरात मार्च उजाडला की कूलरचे स्टँड बाहेर निघतात, आणि दर्शनी भागात त्यांच्यासाठी जागा नसेल तर भाडेकरू स्वतःच काच कापून ती करून घेतो. प्रत्येक मजल्यावर जाळीआड एक मीटर खोल सेवा-पट्टा, त्यात पाण्याचा नळ आणि निचऱ्याचा पाइप दिला, तर दहा वर्षांनीही इमारत आपल्या आराखड्यासारखी दिसते.

आता वारा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन दाब मिळतो. उंची, परिसर आणि इमारतीचा आकार यांचे गुणक लावून अंतिम आकडा संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावा. इमारतीच्या कोपऱ्यांवर वारा काचेला आत ढकलण्यापेक्षा बाहेर ओढतो, म्हणून तेथील आकडा वेगळा मागावा. हा आकडा हाती असेल तर फॅब्रिकेटरचे, म्हणजे चौकट बनवून बसवणाऱ्याचे, काम स्वतः तपासता येते. समजा दाब दीड किलोपास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला १५०० न्यूटन, आहे आणि काच सिलिकॉनने चिकटवलेली, १.२ मीटर रुंद व त्याहून उंच आहे. दाबाला रुंदीच्या निम्म्याने गुणले की कडेच्या प्रत्येक मीटरवर ०.९ किलोन्यूटन भार येतो. स्ट्रक्चरल सिलिकॉनचा नेहमीचा परवानगीयोग्य ताण सुमारे १४० किलोपास्कल धरल्यास चिकटपट्टी, जिला कारागीर 'बाइट' म्हणतात, किमान साडेसहा मिलिमीटर रुंद लागते. फॅब्रिकेटरच्या तपशीलवार नकाशात, म्हणजे शॉप ड्रॉइंगमध्ये, पाच दिसले तर ते तेथेच परत करावे.

अ‍ॅल्युमिनियमचे प्रसरणही असेच हिशेबात धरावे. मे २०१३ मध्ये येथील हवेचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. उन्हातली गडद रंगाची धातूची पट्टी त्याहून कितीतरी जास्त तापते. हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांत धातूच्या तापमानात ७० अंशांचा फरक धरला, तर ३.६ मीटरचा म्युलियन, म्हणजे काच धरणारा उभा दांडा, सहा मिलिमीटरने लांबतो-आखडतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर म्युलियनचा सांधा सरकता हवा, एक ब्रॅकेट घट्ट तर दुसरे लंबगोल भोकाचे हवे. दुपारी तीननंतर दर्शनी भागातून 'टक टक' असा आवाज येत असेल, तर हा सांधा कोठेतरी स्क्रूने आवळला गेला आहे असे खुशाल समजावे.

पाण्याच्या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो म्हणजे चांगली कर्टन वॉल, म्हणजे मजल्यांच्या बाहेरून टांगलेली काच-धातूची भिंत, पूर्ण बंद असते. प्रत्यक्षात बाहेरच्या गॅस्केटमधून, म्हणजे काचेच्या कडेच्या रबरी पट्टीतून, थोडे पाणी आत येणार हे गृहीत धरूनच तिची रचना केलेली असते. आलेले पाणी ट्रान्समच्या, म्हणजे चौकटीतील आडव्या दांड्याच्या, पन्हळीत जमते आणि खालच्या बारीक छिद्रांतून बाहेर जाते. चार मजली कार्यालयाच्या एका कामात दुसऱ्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर पाणी टपकू लागले. आम्ही काच दाबून धरणारी बाहेरची प्रेशर प्लेट उघडली, तर पन्हळ काठोकाठ भरलेली, तळाला मे महिन्यातील वादळांचा राखाडी गाळ, आणि छिद्रांवर अत्यंत सफाईने ओढलेली पांढरी सिलिकॉनची रेघ. कारागिराला ती छिद्रे राहून गेलेली भोके वाटली होती आणि त्याने ती प्रामाणिकपणे बुजवली होती. दोष त्याचा कमी आणि माझा अधिक, कारण माझ्या ड्रॉइंगमध्ये त्या छिद्रांवर एक शब्दही लिहिलेला नव्हता. तेव्हापासून 'ही छिद्रे बुजवू नयेत' हे वाक्य मी मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, ड्रॉइंगवर लिहिते.

स्लॅबची कड आणि काच यांमधील फट हा आगीचा मार्ग असतो. ती फट प्रत्येक मजल्यावर स्लॅबइतकाच काळ आग रोखणाऱ्या साहित्याने भरावी. थर्माकोल किंवा फोम चालत नाही. अग्निशमन दलासाठी उघडणारे पॅनल नकाशातच दाखवावेत, नंतर ते बसवणे फार महाग पडते. एसीपी, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा असलेले पॅनल, वापरायचेच असेल तर त्याचा गाभा खनिजाचा असल्याचे चाचणी प्रमाणपत्र घ्यावे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी आग भडकली ती पॉलिथिलीन गाभ्याच्या पॅनलवरून, आणि तीत ७२ जणांचा बळी गेला. दर चौरस फुटामागे वाचणाऱ्या रुपयांचा मोह येथे तरी धरू नये.

एवढे झाल्यावर काच. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ ने मोठ्या व्यापारी इमारतींसाठी काचेचे प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि उत्तरेखेरीज इतर बाजूंसाठी सौर उष्णता गुणांक, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातील आत येणाऱ्या उष्णतेचा वाटा, ०.२७ पर्यंत मर्यादित ठेवला होता. साध्या सहा मिलिमीटर पारदर्शक काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो. माझ्या मते नागपुरात ४० टक्केही पुष्कळ झाले, ३० मध्ये उत्तम प्रकाश मिळतो. नमुना कार्यालयातील ट्यूबलाइटखाली न पाहता साइटवर, दुपारी, उभा धरून पाहावा. आरशासारखी काच आपले ऊन समोरच्या घरात फेकते, हेही लक्षात असू द्यावे. आणि दिवसा आतले झाकणारी तीच काच रात्री दिवे लागताच आतले सगळे रस्त्यावर मांडते. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, काच निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणांमुळे कधीकधी विनाकारण फुटते, म्हणून हीट सोक चाचणी (कारखान्यातच तापवून सदोष काच आधीच फुटू देणारी) केलेलीच घ्यावी आणि पादचाऱ्यांच्या डोक्यावर येणाऱ्या भागात लॅमिनेटेड, म्हणजे फुटली तरी मधल्या थराला चिकटून राहणारी, वापरावी.

ऑर्डर देण्यापूर्वी एका मजल्याचा, दोन खणांचा आणि एका कोपऱ्याचा नमुना साइटवरच उभा करून घ्यावा व सांध्यांवर होजपाइपने पाणी मारून आतून पाहावे. फॅब्रिकेटर वेळेचे कारण सांगेल. तरीही हा आठवडा सोडू नये. फॉल्स सीलिंग लागण्याआधी प्रत्यक्ष भिंतीवरही हीच चाचणी पुन्हा घ्यावी. गच्चीवर सफाईवाल्यांच्या दोरखंडासाठी हुक संरचना अभियंत्याकडूनच आखून घ्यावेत, कारण पाण्याच्या टाकीच्या पाइपला दोर बांधून उतरणारी माणसे मी पाहिली आहेत. ताबा देताना प्रत्येक मापाच्या दोन-तीन जादा काचा, गॅस्केटचा एक वेटोळा आणि पाण्याच्या छिद्रांचा नकाशा मालकाच्या हाती द्यावा, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाच्या आधी, ती छिद्रे ब्रशने मोकळी करण्याचे काम देखभालीच्या करारात नावानिशी लिहून घ्यावे.