भारी एसयूव्ही एव्हरेज देईना? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या दिवाळीत दाजी म्हणाले, गाडी आता 8 च्या वर जाईना, आधी 12 द्यायची. डिझेल एसयूव्ही, दोन टनाच्या वरचं धूड. तोवर एका गॅरेजवाल्यानं इंजेक्टर काढून साफ केले होते, एअर फिल्टर नवा टाकला होता, बिल 38 हजार आणि एव्हरेज जिथल्या तिथं. लई वाईट वाटलं मला, कारण खरा दोष निघाला थर्मोस्टॅटमध्ये (इंजिनचं तापमान सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह) आणि तो शोधायला अर्धा तास पण लागला नाही. म्हणून हे सगळं लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न मोजता दुरुस्तीला सुरुवात करणं. स्क्रीनवरचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो, त्यावर जाऊ नका. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा कट झालं की तिथंच थांबवायला सांगा (पंपावरचं पोरगं राऊंड फिगर करायला बघतं, करू देऊ नका), ट्रिप मीटर शून्य करा, 300-400 किलोमीटर चालवा आणि परत त्याच पंपावर तसंच भरा. किलोमीटर भागिले लिटर, बस्स. गावातलं आणि हायवेचं वेगवेगळं काढा, पन्हाळ्याचा चढ असलेली टाकी यात धरू नका. आणि मोठ्या साइजचे टायर टाकले असतील तर मीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतं, त्यामुळं एव्हरेज आहे त्याहून पडल्यासारखं वाटतं.

आता डिझेलवाल्यांनी नीट वाचा. आपल्या कोल्हापुरात ताराबाई पार्क ते शाहूपुरी, तिथनं राजारामपुरी, संध्याकाळी रंकाळा, असंच रोजचं फिरणं असेल तर इंजिन धड तापायच्या आधी गाडी बंद होते. सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल मारते, याला रिजन म्हणतात. रिजन चालू असताना आयडलिंग थोडं वाढतं, ऑटो स्टार्ट-स्टॉप चालत नाही, गरम वास येतो, गाडी बंद केल्यावरही फॅन घरघरत राहतो. नेमकी त्याच वेळी आपण चावी काढतो, रिजन अर्ध्यात राहतं, दोन दिवसांनी परत पहिल्यापासून, परत तेवढंच डिझेल. वर त्यातलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालेलं असतं, बदला. आणि टाकताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, डीपीएफला चालणारंच टाका. उपाय साधा आहे, आठवड्यातनं एकदा तावडे हॉटेलपासून हायवेला लागायचं, कागलपर्यंत एका लयीत जाऊन यायचं. वॉर्निंग लाइट लागली असेल तर मात्र आधी स्कॅन करून घ्या.

दाजींची गाडी हायवेला पण 8 च देत होती, म्हणून मला शंका आली. थर्मोस्टॅट उघडा अडकला की कूलंट सारखा रेडिएटरमधनं फिरत राहतो, इंजिन 90 अंशाला पोचायच्या ऐवजी 65-70 वरच घुटमळतं आणि गाडी इंजिन थंड आहे समजून जास्त इंधन देत राहते. इंजिन गार असेल तर बऱ्याच गाड्यांत रिजन सुरूच होत नाही, म्हणजे एका पार्टमुळं दोन रोग. काट्यावर हे कळत नाही हो, बऱ्याच गाड्यांचा काटा बराच फरक पडला तरी मध्यावरच ठेवलेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून 20 मिनिटं चालवा आणि कूलंटचं तापमान बघा. आमच्याकडं 68 आलं. थर्मोस्टॅट बदलला, पुढच्या दोन टाक्यांना 11.5 च्या आसपास मिळालं.

ब्रेक कुणी बघतच नाही. आपल्याकडचा पावसाळा, गाडी आठवडाभर उभी, कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजतात आणि पॅड डिस्कला घासतच राहतो. दहा किलोमीटर जोरात ब्रेक न मारता चालवा, थांबून चारही अलॉयजवळ हात न्या, हात लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त गरम लागलं तर तिथंच तुमचं डिझेल जातंय.

हवा थंड टायरमध्ये बघायची, आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, पंक्चरवाल्याच्या अंदाजानं नाही. वापरत नसाल तेव्हा छतावरचं कॅरिअर उतरवा.

पेट्रोल एसयूव्ही असेल तर एक गोष्ट मान्य करायला लागेल. पंपावर आता ई20 मिळतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणजे मिश्रणाची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी भरते. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसकरी माणसाला त्याचा फायदा आहे, पण एव्हरेज थोडं उतरणारच. 10 चं 9.4 झालं तर गॅरेजला पळू नका, 10 चं 7 झालं तर मात्र दुसरं काहीतरी आहे. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडी ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवते किंवा घटवते तो आकडा. अधिक 15 च्या पुढं असेल तर कुठंतरी हवा लीक आहे, इंजिनात जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर घाण झालाय किंवा गाडीचा फ्युएल पंप कमी प्रेशर देतोय. उणे 15 असेल तर इंजेक्टर गळतोय का, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहतोय का ते तपासा. उद्यमनगरात गाडी न्याल तेव्हा एव्हरेज नाही एवढंच सांगू नका, टाकीचा हिशोब, कूलंटचं तापमान आणि हा ट्रिमचा आकडा कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात द्या.