गडचिरोलीहून पुण्याला आलेल्यांनो, पहिल्या पार्टीआधी एवढं वाचा

दरवर्षी जून-जुलैत आपल्याकडची पाच-सात पोरं तरी माझा नंबर शोधून फोन करतात. कॉट बेसिसवर खोली कुठं मिळेल, मेस कुठली बरी, अभ्यासिका सदाशिव पेठेतली घेऊ की नारायण पेठेतली. हे सगळं सांगून झालं की मी दारूचा विषय काढतो आणि पलीकडचा आवाज एकदम बारीक होतो. 'दादा, मी नाही घेत.' उत्तमच. पण शेजारच्या कॉटवरचा घेत असेल, आणि रात्री दोन वाजता त्याच्याजवळ तूच असशील.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा. 2013 साली पुण्याला आलो. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी, त्यामुळं गावात दारूचं दुकान मी कधी पाहिलंच नाही. दारू मात्र पाहिली. मोहाची, कॅनमधून येणारी. आणि वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला गेलं की तेव्हा सगळं उघड मिळायचं. बंदीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यासाठी बायका का उठल्या, हे मला आमच्याच गल्लीतल्या दोन घरांवरून कळतं. पण आम्ही पोरं प्यायला शिकलो ते आडोशाला, उभ्या-उभ्या, कोणी यायच्या आत संपवायचं म्हणून. पुण्यात कोणी येणार नसतं, तरी हात त्याच वेगानं चालतो. आपल्या पोरांचा घात या घाईनं आणि लपवालपवीनं होतो, असं माझं मत आहे.

म्हणून आधी हिशेब समजून घ्या. तीस मिलीचा स्मॉल पेग म्हणजे साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल, आणि तेवढं निपटायला शरीराला अंदाजे एक तास लागतो. क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा टक्का वाचावा. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, साडेसहाशे मिली, ही एक बाटली चार स्मॉल पेगांच्या बरोबरीची होते. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तासाचा अर्धा तास होत नाही. रात्री बाराला थांबलात तरी सकाळी आठच्या लेक्चरला गाडी काढताना दारू अंगात असू शकते.

आता गच्चीची गोष्ट. डिसेंबर 2014, रविवार. पुण्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. त्यामुळं सगळे उपाशीपोटी. आम्ही सहा जण, चखना म्हणून शेंगदाणे. आपल्याच भागातल्या एका मित्रानं अर्ध्या तासात क्वार्टर संपवली आणि भिंतीला टेकून बसला तो बसलाच. आम्ही त्याला हलवलं, तोंडावर पाणी मारलं, लिंबू पाजायला गेलो. मग 'झोपू दे बे, सकाळी ठीक होईल' म्हणत उताणं निजवून वर चादर टाकली.

108 ला फोन करावा हे दोघांच्या मनात आलं होतं. पण ॲम्ब्युलन्स आली की खालच्या मजल्यावरचे घरमालक उठणार, डिपॉझिट जाणार, घरी कळणार. अर्धा तास आम्ही डिपॉझिटचा विचार करत बसलो, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

आमच्यातला एक नगरचा पोरगा पीत नव्हता. त्याला घशातली घरघर ऐकू आली. त्यानं मित्राला कुशीवर वळवलं, तोंडातली उलटी बोटानं काढली आणि कोणाला न विचारता फोन लावला. घरमालक खरंच उठले. स्वेटर चढवून त्यांनी स्वतः गेट उघडलं आणि म्हणाले, 'आधी पोराला न्या, आपलं नंतर बोलू.' पुणेकर शब्दाचे पक्के. सकाळी नऊला बोलले आणि महिनाअखेर आम्ही खोली सोडली. मित्र वाचला.

तर हे पाठ करा. हाका मारून, चिमटा काढून जागा होत नाही, श्वास अडखळतो किंवा फार मंद चालतो, अंग गार, ओठ निळसर: यातलं एक जरी दिसलं तरी 108. तोवर कुशीवर ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, एकटं सोडायचं नाही. काय आणि किती घेतलं ते डॉक्टरला खरं सांगायचं. झोपेची गोळी घेतली असेल तर तेही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय 21, हार्ड दारूसाठी 25, आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. म्हणजे एफवायच्या पार्टीतले जवळजवळ सगळेच कायद्याबाहेर असतात. गाडीचं प्रकरण त्याहून महाग. पहिल्यांदा पकडलं की दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमपीएससीवाल्यांनी चारित्र्य पडताळणीही आठवावी. आणि पैशांपलीकडचं बघायचं तर 19 मे 2024 ची कल्याणीनगरची पहाट आठवा. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. प्यायचं असेल त्या दिवशी बाइक खोलीवरच ठेवा. खडकवासल्याच्या पाण्यात पिऊन उतरायचं नाही, यावर चर्चा नको.

नाही म्हणायचं कसं, हे पोरं लाजत विचारतात. हातात थम्सअपचा ग्लास धरा, दहा मिनिटांनी कोणाचं लक्षही नसतं. आणि पुण्याची टीटीएमएमची पद्धत इथं कामाला येते. तुझं तू, माझं मी. न पिणाऱ्यानं जेवणाचेच पैसे द्यायचे. 'वर्गणी भरलीच आहे तर वसूल करू' म्हणून पहिला पेग घेतलेले किमान तिघे मला माहीत आहेत. पिणाऱ्यांनी आधी पोटभर जेवावं, दोन पेगांमध्ये पाणी प्यावं, आणि दुसऱ्याच्या हातानं ग्लास भरून घेऊ नये. तो मोजत नसतो.

कधीतरीचं रोजचं झालं, किंवा एकटं बसून प्यायला लागलात, तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला आर्थिक हात दिला. तिथं जायला आयुष्याची वाट लागायची वाट बघावी लागत नाही. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट.

आणि माझा नंबर आहेच. रात्री दोनलाही चालेल, पण आधी 108, मग मी. तुमच्या घरी मी सांगणार नाही.