दुसऱ्याचं बघून पोटात दुखतंय? आधी तारीख टाका

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. सोळा वर्षं तीच खुर्ची, तीच चलनं, भिंतीपलीकडे लूमची तीच खडखड. डबा संपला की मोबाइल उघडायचा आणि कोण कुठं फिरतंय ते बघून जळायचं, हा माझा नेम. आता बराच सुटलाय.

सुरुवात वहीपासून करा. मी महिनाभर जुन्या चलनांच्या पाठीवर टिपून ठेवलं: कधी, कोणाचं, काय बघून दुखलं. तारखा लावून बघितल्या तर गंमतच. ११ आणि २० तारखेच्या आधी जीएसटी रिटर्नची घाई असते, त्या दिवसांत एकही नोंद नाही. सगळी जळजळ रिकाम्या दुपारची, तीन ते पाचची. म्हणजे निम्मं दुखणं नुसत्या कंटाळ्याचं. त्या वेळेला मी फोन ड्रॉवरमध्ये टाकून डिस्पॅचला गठ्ठे मोजायला जायला लागलो.

नावंही बघा. माझ्या यादीत एकही नट नाही की क्रिकेटपटू नाही, सगळे दहावीच्या वर्गातले. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच मांडलंय की माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून बघतो. बाकावर शेजारी बसणारा पुढं गेला की लागतं.

आता खरं काम. ‘तो पुण्यात मजेत आहे’ असं मोघम लिहू नका; नेमकं काय हवंय ते शोधा. यादीत सर्वांत वर जो होता, त्याच्याकडं पुण्याला मी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेलो, दोन दिवस राहिलो. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खरं सांगतो, त्याची रडगाणी ऐकायला मिळतील या आशेनं गेलो होतो. तसलं काही नव्हतं. हप्ते आहेत, ट्रॅफिक आहे, पण गडी खूश आहे. तुम्ही जाल तेव्हा ही आशा घरी ठेवून जा, उगाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला बॅडमिंटनला घेऊन गेला. पाच जण, सगळे पोटं सुटलेले, एकेका पॉइंटवरून भांडत होते. तिथं बाकावर बसून कळलं, मला त्याचा फ्लॅट नको, गाडी नको. हा आरडाओरडा हवाय. कॉलेज संपल्यापासून मी कुणाशी असा मोठ्यानं भांडलोच नव्हतो.

एवढा बारीक तुकडा सापडला की तो आपल्या गावात जमवता येतो. मी, डिस्पॅचचा एक जण आणि मेव्हणा. चौथा मिळायला महिना गेला. गल्लीत चुन्यानं रेघा मारल्यात. मार्चपासून पावणेसहालाच सुरू करा, नंतर ऊन सोसत नाही. आणि शटल प्लास्टिकचं घ्या. पिसांचं आमच्यासारख्यांच्या हातात एका सकाळीत संपतं.